सहा थरांची उडी

अर्जात एकही चूक नव्हती, आणि मला खटकलं ते नेमकं तेच. निनावी अर्ज मी एकवीस वर्षं वाचत आलोय. रागावलेला माणूस तारखा चुकवतो, हुद्दा चुकवतो, एकच गोष्ट तीन वेळा लिहितो आणि शेवटी 'आपला हितचिंतक' म्हणून मोकळा होतो. हा अर्ज थंड डोक्यानं लिहिलेला होता, टाइप केलेला होता, डावीकडे व्यवस्थित समास सोडलेला होता. सकाळची हजेरी झाल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं, दार लोटून घ्यायला लावलं आणि तो कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. आपल्या ठाण्यातील हवालदार रजेच्या दिवशी सिनेमात हीरोच्या जागी उड्या मारण्याचे काम करतात, त्यासाठी परवानगी घेतलेली नाही, तरी त्यांना तंबी देऊन हे काम बंद करण्यात यावे. खाली गेल्या वर्षभरातल्या अकरा तारखा, अकराच्या अकरा बरोबर. त्यातल्या एका दिवशी मी तापानं फणफणलो होतो, म्हणजे कागदोपत्री. आणि मागच्या महिन्यातल्या शेवटच्या तारखेपुढे तीनच शब्द: सहा थरांची उडी.

“थर म्हणजे काय रे?” साहेबांनी विचारलं.

“कुणास ठाऊक, साहेब.”

“तुला ठाऊक नाही?” साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत, पण चौकशीत समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायचं हे त्यांना माझ्याकडूनच कळलंय. माझे हात टेबलाखाली होते. “हे बघ, हा कागद मी अजून नोंदवलेला नाही. सोमवारी नोंदवतो. तोवर काय सांगायचं ते ठरव. तीन वर्षं राहिलीत तुझी. उगाच त्यांची माती करून घेऊ नकोस.”

मी सलाम ठोकून बाहेर आलो आणि पाण्याच्या पिंपाशी उभा राहिलो. थर म्हणजे काय हे जगात फार थोड्यांना ठाऊक असतं. निर्माता उडी फुटांत मोजतो, फाइट मास्तर मजल्यांत. सैन्यात आम्ही ती आकड्यांत मोजायचो. विमानातून सुटलं की एक हजार एक, एक हजार दोन, छत्री उघडेपर्यंत जे होतील ते. कुणी गच्चीवरून पडलं तर पंचनाम्यात मी मीटर लिहितो. माझी बायको पाठ किती दिवस शेकावी लागली त्यावरून उडी मोजते. थरांत मोजणारा माणूस एकच, तो म्हणजे खाली खोकी रचणारा. पुठ्ठ्याची रिकामी खोकी शेजारी शेजारी लावायची, त्यावर पुठ्ठ्याचा तक्ता, त्यावर पुन्हा खोकी, असे थर. भोवती दोर आवळायचा, वर गाद्या टाकायच्या, गाद्यांवर ताडपत्री. वरून पडणारा त्या ढिगात घुसतो, थरामागून थर चेपत जातात आणि माणूस शेवटच्या थराशी पोचेपर्यंत त्याचा वेग संपलेला असतो. तीन मजल्यांना पाच थर पुरतात. चौथ्याला सहा लागतात. हे मला, फाइट मास्तरला आणि माझ्या खोकीवाल्याला माहीत. फाइट मास्तर कधी थर म्हणत नाही. मी स्वतःवर अर्ज केलेला नाही. उरला एक.

त्याला सगळे शिट्टी म्हणतात. सैन्यात आम्ही एकाच तुकडीत होतो, शेजारच्या खाटांवर. झोपेतून उठल्यापासून तो शिट्टी वाजवायचा, बूट घासताना, रायफल पुसताना, आणि एकदा तर सुभेदारसाहेब रांगेसमोरून जात असताना. त्या सकाळची शिक्षा आम्ही दोघांनी मिळून भोगली, कारण विचारल्यावर मी हसलो होतो. पुढे आमच्या छावणीत एका युद्धाच्या सिनेमाचं शूटिंग आलं. जीपमधून पडायला कुणी धजावेना, तेव्हा आम्ही दोघं पडलो, आणि फाइट मास्तरनं पत्ते लिहून घेतले. तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. सैन्यातून सुटलो, पोलिसांत एकाच दिवशी भरती झालो, आणि रजेच्या दिवशी आळीपाळीनं उड्या मारू लागलो. एक उडी त्याची, एक माझी. जो उडी मारणार नाही तो खाली खोकी रचणार. घरच्यांना अर्धं सांगायचं, खात्याला काहीच नाही. पडद्यावर आमचं तोंड दिसत नाही, फक्त पाठ दिसते, आणि खात्यात पाठीवरून कुणी कुणाला ओळखत नाही. असं मी समजून चाललो होतो.

तर मग त्यानं अर्ज का केला? मनात पाल चुकचुकली ती इथे, पिंपापाशी, पाण्याचा पेला हातात असताना. कारण अर्जातल्या अकरांनंतरची बारावी उडी आज दुपारी होती. अर्धी रजा मी आठवड्यापूर्वीच टाकलेली. चौथ्या मजल्यावरून, सहा थर, आणि खोकी रचणार शिट्टी.

जेवणाच्या सुट्टीत मी घरी फोन लावला. संशयितांची यादी करताना घरच्यांना आधी वगळायचं नसतं, हे मी नव्या पोरांना शिकवतो. बायको फोनवर आली ती भांड्यांच्या आवाजातूनच.

“माझ्या कामाचं तू कुणापाशी बोललीस का?”

“कुठल्या कामाचं?”

“माहीत आहे तुला.”

“अहो, तुम्ही मला सांगता तरी का काही? मागच्या वेळी बंदोबस्त म्हणून गेलात आणि पाठीत पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन आलात. तो काढला कुणी? मी. कुणाला सांगायचं असतं तर तेव्हाच ओरडून नसतं सांगितलं?” मग भांडी बाजूला ठेवून, “का, झालंय काय?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे नक्की काहीतरी आहे. आणि हो, संध्याकाळी टीव्ही जरा हळू लावत जा. वरच्या बाई आज पुन्हा बोलून गेल्या.”

बायको सुटली. खरं म्हणजे तिला मी पकडलंच नव्हतं. पुठ्ठ्याचा तुकडा तिनं दाखवला तेव्हा ती रडत होती आणि मी तिला सांगत होतो की गोदामात झडती होती, तिथे लागला. एकवीस वर्षं लोकांच्या खोट्या जबाबांवर पोट भरतोय, पण स्वतःच्या घरात इतका भिकार खोटा जबाब मी कसा खपवतो आणि ती तो कसा घेते, हे मला कळत नाही.

मोटरसायकल काढली. रस्ता डोळ्यांसमोर होता, डोकं मात्र पुरावे मांडत होतं. पहिला पुरावा: शिट्टी हल्ली शिट्टी वाजवत नाही. गेल्या वर्षभरात मी त्याला एकदाही वाजवताना ऐकलेलं नाही. ओठ मात्र गोल करतो, जसं काही सांगायचंय आणि गिळतोय. पंचवीस वर्षांची सवय माणूस उगीच सोडत नाही. सवय सुटते तेव्हा मनात काहीतरी घर करून बसलेलं असतं. दुसरा पुरावा: हल्ली तो माझ्या उजव्या बाजूनेच चालतो. चहाच्या टपरीवर मुद्दाम उठून, वळसा घालून, उजवीकडे येऊन बसतो. माझं पिस्तूल उजवीकडे असतं. पोलिसातला माणूस आपल्या पिस्तुलाच्या बाजूला कुणाला फार वेळ येऊ देत नाही, आणि शिट्टीही कधीकाळी पोलिसातला होता, त्याला हे माहीत आहे. तिसरा पुरावा: मागच्या महिन्यातली उडी. मी खोक्यांत पडलो, वर बघितलं, तर त्याचा हात दोराच्या आत होता. ढिगाभोवतीचा जो दोर उडीच्या आधी आवळून झालेला असतो, त्याच्या आत. हात काढून घेताना तो पांढराफटक पडलेला होता. तिथे तो काय करत होता, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. फक्त बोटं चोळत राहिला.

आणि चौथी गोष्ट पुरावा नव्हती, ती हेतू होती. ती मी चौदा वर्षं कुठल्याच कागदावर लिहिलेली नाही.

ती उडी त्याची होती. चौथा मजला, अशीच दुपार, एका गिरणीच्या पटांगणात. खोकी मी रचत होतो. चार वाजता मला ठाण्यात हजेरी होती, कुणीतरी मोठा माणूस येणार होता, माझ्या ठाण्यातल्या सगळ्यांच्या रजा रद्द; तो दुसऱ्या ठाण्यात होता. आम्ही दोघांनी आजारपणाची रजा टाकली होती आणि माझी अचानक फिरवली गेली. पाच थर झाले तेव्हा तीन वाजून गेले होते. सहाव्या थराची खोकी अजून घडी केलेली, भिंतीशी पडलेली. प्रत्येक खोकं उघडायचं, कोपरे आत दुमडायचे, लावायचं. पाऊण तासाचं काम. मी पाच थरांवरच गाद्या टाकल्या, त्यावर ताडपत्री ओढली, दोर आवळला, आणि वर बघून ओरडलो, “तयार!” एवढंच. पाच पण काही वाईट नाहीत, असं मनाला सांगितल्याचं आठवतं. मोठ्या गाद्या आहेत, असंही. त्यानं उडी घेतली. आवाज खोक्यांचा यायला हवा होता, तसा तो आला नाही.

उजव्या खुब्याचं हाड. तो महिनाभर टांगल्या पायानं पडून होता. मी भेटायला गेलो तेव्हा मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, “जरा कललो रे उजवीकडे. माझंच चुकलं.” मी मान हलवली. खात्याला कळवताना जिन्यावरून घसरला असं ठरलं, आणि साक्षीदार म्हणून लेखी जबाब मी दिला. स्वच्छ अक्षरात, वेळेसकट, पायरीसकट. पुढे खात्यानं त्याला तपासलं, धावायला लावलं, तो धावला नाही, आणि त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून तो खोकी रचतो आणि मी उड्या मारतो. आळीपाळी संपली. मला बढती मिळाली. दरवेळी खाली उतरलो की तो हात देतो आणि मी उठतो. त्यात कधी एक दिवस असा नाही गेला की मी मनात म्हटलं नाही, याला माहीत असेल का?

आता वाटलं, माहीत आहे. चौदा वर्षांपासून माहीत आहे आणि तो वाट बघत होता. माझी तीन वर्षं राहिलीत हे त्याला पाठ असणार, त्याची किती राहिली होती तेही. पण अर्जानं काम भागतंय तर खोक्यांत कशाला काही करायचं? उलटंही असू शकतं. आधी अर्ज, म्हणजे मी चिडून, घाबरून, लक्ष नसताना उडी मारणार, आणि मग कुणी विचारलं तर, बिचारा मनानं खचला होता. असे गुन्हे मी बघितलेत. रचून केलेले, शांतपणे, समास सोडून.

बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे अर्धवट बांधलेली इमारत होती. हीरो गाडीत काच वर करून बसलेला, त्याच्या शर्टासारखाच दुसरा शर्ट माझ्यासाठी हँगरला टांगलेला, आत पाठीला आधाराचे पट्टे बांधायचे म्हणून एक माप मोठा. शिट्टी खोकी रचत होता. गुडघा टेकून एकेक खोकं हातात घेतो, तळ दाबून बघतो, कोपरे आत वळवतो, शेजारच्या खोक्यापासून चार बोटं जागा सोडून ठेवतो. पुढचं. त्याची पाठ माझ्याकडे होती. मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. संशयिताला सावध करायचं नाही.

“आलास?” त्यानं मागे न बघता विचारलं. मग उठला, ढिगाला वळसा घातला आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. “उशीर केलास गड्या. म्हटलं, येतोस की नाही आज.”

“का येणार नाही?”

“सहज म्हटलं.”

“साहेबांनी बोलावलं होतं.”

“असं?” तो हातमोज्यावरची धूळ झटकत होता. त्याच्या हातांकडे बघितलं. हात स्थिर होते, पण हातमोज्यातल्या हातावरून काय कळणार. “काय म्हणाले?”

“काही नाही. विचारत होते, थर म्हणजे काय.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत जे काही होतं ती भीती नव्हती. भीती मी ओळखतो. “मग? सांगितलंस?” त्यानं विचारलं.

“मी कशाला सांगू? ज्यानं लिहिलंय त्यानं सांगावं.”

“बरोबर आहे,” तो म्हणाला, आणि पुन्हा खोक्यांकडे गेला. कबूल नाही, नाकबूल नाही. असा माणूस कोठडीत सगळ्यात जास्त त्रास देतो.

आमच्या या धंद्यात एक रीत आहे आणि ती कुठे लिहिलेली नाही. उडी मारणारा खोक्यांना हात लावत नाही. खोकीवाला 'तयार' म्हणाला की संपलं. जाऊन दाबून बघायचं नाही, थर मोजायचे नाहीत, ताडपत्री उचलायची नाही. कुणी तसं केलं तर खोकीवाला हातमोजे काढतो आणि त्या माणसासाठी पुन्हा कधी 'तयार' म्हणत नाही. सैन्यात ही गोष्ट चालली नसती. तिथे छत्री भरणाऱ्याला कधीही सांगायचे, चल, तूच भरलेली घाल आणि मार उडी, आणि तो मारायचा. तिथे संशयाला शिस्त म्हणतात. पोलिसांत तर तो पगाराचाच भाग आहे. सगळं आयुष्य मी लोकांचे खिसे तपासण्यात घालवलं आणि महिन्यातून एक दिवस अशा ठिकाणी यायचो जिथे तपासायची मनाई होती. मला वाटतं मी उडीसाठी येत नव्हतो, त्यासाठी येत होतो. हे मला आज जिना चढताना सुचलं, आणि सुचायला फार उशीर झालाय असंही वाटलं.

चौथ्या मजल्यावर कठडा नव्हता. सिमेंटची धूळ, एक उलटं घमेलं, आणि पुढे हवा. फाइट मास्तर खालून हात हलवत होता. त्यानं मला शिकवलेलं सगळं शरीरात होतं, हनुवटी आत, पाठीवर पडायचं, हात पसरायचे. वारा डावीकडून येत होता, पण त्याचा आवाज मला नुसता उजवीकडेच येत होता. डावा कान सैन्यातच गेला, अर्धा, शेजारी फुटलेल्या एका गोळ्यानं. उरलेला अर्धा हळूहळू गेला, कदाचित उड्यांनी. खात्याच्या तपासणीत डॉक्टर मागे उभा राहून कुजबुजतो तेव्हा मी मान किंचित वळवतो आणि पास होतो. हे कुणालाच माहीत नाही. बायकोलाही नाही. मला वाटत होतं, कुणालाच नाही.

मी खाली बघितलं. निळी ताडपत्री चारही बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेली आणि विटा ठेवून दाबलेली. एरवी तो एक बाजू उघडी ठेवतो. आज का नाही? त्या दिवशी मीही अशीच ओढली होती. कडा झाकायला, थर दिसू नयेत म्हणून. फरक एवढाच की माझी ताडपत्री एका बाजूनं आखूड पडली होती. शिट्टी ढिगाशेजारी उभा राहिला, दोराला एकदा हिसका दिला, वर बघितलं. त्याचे ओठ हलले. म्हणजे 'तयार'. कॅमेरा लागला होता, सगळे वर बघत होते, हीरोसुद्धा गाडीची काच खाली करून. एक हजार एक. एक हजार दोन. माझे पाय कडेला होते, बोटं बाहेर. एक हजार तीन. मग मी वळलो आणि जिन्यानं खाली उतरायला लागलो.

चार मजले उतरेपर्यंत कुणीतरी आपल्याला हाका मारतंय एवढं कळत होतं. मी सरळ ढिगापाशी गेलो, विटा पायानं ढकलल्या, ताडपत्री उचलली आणि गुडघ्यावर बसून मोजायला लागलो. बोटानं, प्रत्येक थराला हात लावून, मुद्देमाल मोजतात तसे. दोन थर दाबून बघितले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाच्या वर आणखी एक होता. मला वाटलं चुकलो, पुन्हा मोजले. सात. प्रत्येक खोक्याचे कोपरे आत वळलेले, प्रत्येकात चार बोटांचं अंतर. कुठेही काहीही चूक नव्हती.

मी उठून बघितलं. लाइटवाले, कॅमेऱ्यावाले, जुने स्टंटवाले, ज्यांना रीत माहीत होती ते माझ्याकडे बघत नव्हते. शिट्टी लंगडत ढिगाला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आला.

“झाले मोजून?”

“सात आहेत.”

“माहीत आहे. मीच लावलेत.”

“उडी तर सहाची आहे.”

“सहाची आहे, वेळेवर पडणाऱ्याला. तू मागच्या खेपेला मी 'तयार' म्हणायच्या आधी उडी टाकलीस. मी दोर आवळत होतो, हात आत होता माझा. त्याच्या मागच्या खेपेलाही तेच. आता तू कधी पडशील, कसा पडशील, मला नेम नाही. म्हणून एक जास्त टाकला. वारा आहे म्हणून ताडपत्री खालपर्यंत दाबली.”

“आत्ता तर म्हणालास ना तयार? तोंड हललं तुझं.”

“शिट्टी वाजवत होतो,” तो म्हणाला.

मी त्याच्या ओठांकडे बघितलं.

“सकाळपासून वाजवतोय. रोजच वाजवतो. वर्षभर कुणी ऐकली नसेल तर ती फक्त तू. बारीक सूर आता तुझ्या उजव्या कानालाही येत नाही.” त्यानं एक हातमोजा काढला. “तोंडानं सांगून बघितलं तुला. दोनदा. एकदा टपरीवर, तेव्हा तुझ्या डावीकडे बसायचो, आणि एकदा तुझ्या गाडीवर मागे बसून. की बाबा रे, कान दाखव कुणाला तरी, उड्या बंद कर. दोन्ही वेळा मान डोलावलीस आणि बदलीच्या गप्पा काढल्यास. ऐकू येत नसलेल्या माणसाला सांगायचं कसं? म्हटलं, याच्या साहेबाचं तरी ऐकेल. पहिल्या खेपेला तंबीवर भागतं, नोकरी जात नाही. चौकशी करूनच लिहिलं मी.”

लाज वाटली हे म्हणणं फार थोडं होईल. मला उभं राहायला जागा सापडेना. सकाळपासून मांडलेले सगळे पुरावे एकेक करून माझ्याच नावावर जमा होत होते, आणि मी अजूनही, त्या क्षणीसुद्धा, त्याच्या हातांकडे बघत होतो. त्यानं दुसरा हातमोजा काढला. दोन्ही एकावर एक ठेवून घडी केले आणि मागच्या खिशात घातले. रीत रीतच होती.

फाइट मास्तर तणतणत आला. “हवालदार, काय तमाशा लावलाय? उजेड चाललाय माझा. खोकी बरोबर आहेत ना? मग चढा वर!”

“मला डाव्या कानानं ऐकू येत नाही,” मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो बहुतेक, कारण गाडीतला हीरोही वळून बघायला लागला. “गेली दोन वर्षं अजिबात नाही. मी आज उडी मारणार नाही. पुढेही नाही. सोमवारी साहेबांना हेच सांगणार आहे.” मास्तर दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं ओरडत निघून गेला.

शिट्टी दोर सोडायला बसला होता. दाबलेली खोकी कुणी तशी ठेवत नाही, सगळा ढीग उतरवून पुन्हा रचावा लागतो. मी त्याच्या शेजारी बसलो. बसताना लक्षात आलं की एकवीस वर्षांत मी हजारभर जबाब लिहून घेतलेत, पण स्वतः खरा दिलेला एकही नाही. कुठून सुरुवात करायची हे कळेना, म्हणून सगळ्यात जुन्या गोष्टीपासून केली.

“त्या दिवशी पाचच लावले होते मी,” मी म्हणालो. “चारला हजेरी होती. सहाव्याची खोकी भिंतीशी तशीच पडली होती.”

त्याचे हात थांबले नाहीत. “माहीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायचं कुणी? ताडपत्री एका बाजूनं आखूड होती. वरून मोजले मी. पाच.”

“उडीच्या आधी?”

“मग काय, नंतर?”

गाठ घट्ट होती, तो ती दातानं सोडवत होता. चौदा वर्षं मी एकच प्रश्न विचारत आलो होतो, याला माहीत असेल का, आणि त्याचं उत्तर मिळाल्यावर तो प्रश्नच चुकीचा निघाला होता.

“मग मारलीस का?” मी विचारलं. “दिसत होते ना पाच? मग उडी का मारलीस?”

त्यानं दोर तोंडातून काढला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याला त्याचं स्वतःचं नाव विचारलंय.

“तू 'तयार' म्हणालास ना,” तो म्हणाला.

गाठ सुटली. दोर सैल झाला आणि खोकी किंचित बाहेर सरकली. मी हीरोच्या शर्टाची बटणं काढली, आतले पट्टे सोडले, शर्ट हँगरला परत लावून आलो. शिट्टी एकटाच वरची गादी ओढत होता, वाकडा पाय मागे टेकून. मी ढिगाच्या या बाजूला उभा होतो, तो त्या बाजूला. त्याचे ओठ हलले, मला काही कळलं नाही, आणि मी पहिल्यांदाच मान डोलावली नाही. उभा राहिलो. तेव्हा त्यानं गादी सोडली, लंगडत अख्ख्या ढिगाला वळसा घातला, आणि माझ्या उजव्या कानाशी येऊन पुन्हा तेच म्हणाला, “म्हटलं, गादीची ती बाजू धर.”